ओळख कुठे राहते?

रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. काळाचौकीच्या अभ्युदयनगरात एका इमारतीच्या तोंडाशी एक कुत्रा अंग मुडपून पडला आहे. दुसऱ्या पाळीहून परतणारा एक कामगार त्याच्या अगदी जवळून आत जातो. कुत्रा एक डोळा उघडतो, शेपूट जरासे हलवतो आणि डोळा पुन्हा मिटतो. थोड्या वेळाने एक पाहुणा पत्ता शोधत येतो. तोच कुत्रा ताडकन उठतो आणि भुंकू लागतो. दोघांच्या हातात पिशवी होती, दोघेही दमलेले होते. मग कुत्र्याला फरक कसा कळला?

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, “त्यात काय? पहिला ओळखीचा होता, दुसरा नव्हता.” उत्तर बरोबर आहे. पण ही ओळख कुत्र्याच्या डोक्यात कुठे राहते? आणि ती साठवली जाते म्हणजे तिथे नेमके काय होते?

आधी दोन शब्द नीट समजून घेऊ. मराठीत ‘ओळख’ आणि ‘आठवण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूत तुम्ही ‘पहचान’ आणि ‘याद’ म्हणता. रस्त्यात कोणी भेटतो. चेहरा पाहिलेला वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही. तिथे पहचान आहे, याद नाही. दोन्ही भाषांनी हा भेद पूर्वीपासून जपला आहे. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनाही तो मानावा लागला. या पाठात आपण फक्त ओळखीबद्दल बोलणार आहोत.

प्राण्याला आपण विचारू शकत नाही, “हे तू पूर्वी पाहिले आहेस का?” मग त्याला ओळख पटली हे समजणार कसे? १९८८ साली एनासर आणि देलाकूर या संशोधकांनी यासाठी एक सोपी युक्ती वापरली. उंदराला एका मोकळ्या पेटीत सोडायचे. पेटीत अगदी सारख्या दोन वस्तू ठेवायच्या. उंदीर त्या काही मिनिटे हुंगतो, पाहतो. मग त्याला बाहेर काढायचे. काही वेळाने पुन्हा पेटीत सोडायचे, पण आता एक वस्तू जुनी आणि एक नवी. उंदीर नव्या वस्तूपाशी जास्त वेळ घालवतो. बक्षीस नाही, शिक्षा नाही, शिकवणी नाही. नव्याकडे त्याचा ओढा असतो, म्हणजेच जुने त्याने ओळखले आहे! मला विज्ञानातील हा फार सुंदर प्रयोग वाटतो. त्यात उंदराला काहीही करायला लावलेले नाही. त्याचे कुतूहलच उत्तर देते.

आता मेंदूच्या आत जाऊ. मेंदू चेतापेशींचा बनलेला असतो. या पेशी विजेच्या अगदी बारीक ठोक्यांनी एकमेकींना निरोप देतात. मेंदूच्या खालच्या बाजूस, कानांच्या पातळीवर पण खोल आत, ‘पेरिरायनल’ नावाचा एक भाग असतो. त्याला इजा झाली, तर उंदराला जुनी वस्तू आणि नवी वस्तू यांतला फरक कळेनासा होतो. त्याच्या शेजारीच ‘हिप्पोकॅम्पस’ हा भाग आहे. त्याचा आकार समुद्रघोड्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. कोणती वस्तू कोणत्या जागी होती, हे लक्षात ठेवायला हा भाग लागतो.

इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील माल्कम ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात माकडांच्या मेंदूतील पेशींचे ठोके मोजले. नवी वस्तू दिसली की पेरिरायनल आणि त्याच्या जवळच्या भागांतील काही पेशी भराभर ठोके देत. तीच वस्तू दुसऱ्यांदा दिसली की त्या पेशींचे ठोके कमी होत. एकदा पाहणेही त्यासाठी पुरे होई.

तुम्हाला वाटेल, हे तर उलटेच झाले! ओळखीच्या वस्तूला पेशींनी जास्त प्रतिसाद द्यायला हवा. पण तुमचा वर्ग आठवा. नवा मुलगा प्रथम वर्गात आला, तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या होत्या. आठवड्यानंतर तोच मुलगा आत आला, तर कोणी वर पाहिले का? माना न वळणे हीच ओळखीची खूण. आपल्या कुत्र्याचा मिटलेला डोळा तसाच.

पण मग प्रत्येक वस्तूसाठी एक पेशी राखून ठेवलेली असते का? नाही. तसे असते तर ती एक पेशी मेली की ती ओळखही कायमची गेली असती. गणेशोत्सवात काळाचौकीजवळच्या लालबागची रोषणाई तुम्ही पाहिली असेल. दिव्यांच्या एकाच चौकटीत क्षणात मोर दिसतो, क्षणात कमळ. दिवे तेच, कोणते पेटले आणि कोणते विझले, एवढाच फरक. एखादा दिवा गेला तरी मोर मोरच दिसतो. चेतापेशींचे गट असेच काम करतात. एक पेशी अनेक वस्तूंच्या गटांत भाग घेते. वस्तूची ओळख त्या सर्व पेशींच्या मिळून होणाऱ्या नक्षीत असते.

कुत्रा चेहऱ्यापेक्षा वासावर जास्त विसंबतो. वासाची ओळख समजून घेण्यासाठी मात्र शास्त्रज्ञांनी फार लहान प्राणी निवडला : पिकलेल्या केळ्यावर बसणारी फळमाशी. हे काम आपल्याच मुंबईत, शहराच्या दक्षिण टोकाला कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही झाले. डॉ. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून १९६२ साली डॉ. ओबेद सिद्दीकी तेथे आले. त्यांचा जन्म १९३२ साली उत्तर प्रदेशातील बस्ती येथे झाला आणि शिक्षण अलीगढ व ग्लासगो येथे. १९७० च्या दशकात ते आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. वेरॉनिका रॉड्रिग्ज यांनी वास किंवा चव नीट न कळणाऱ्या माश्या शोधल्या. कोणता आनुवंशिक दोष कोणती संवेदना बिघडवतो, हे त्यावरून कळू लागले. सिद्दीकी २०१३ साली वारले. नाक मुरडून आपण जिला हाकलतो, त्या माशीला त्यांनी अनेक वर्षे दिली.

या माशीच्या मेंदूच्या प्रत्येक बाजूस सुमारे २००० पेशींचा एक गट असतो. एखादा वास आला की त्यांतील शेकडा पाचच्या आसपास, म्हणजे शंभरेक पेशी जाग्या होतात. दुसऱ्या वासाला दुसऱ्या शंभर. २०१७ साली अमेरिकेत दाइसुके हात्तोरी, रिचर्ड अ‍ॅक्सेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गटाचे निरोप घेणाऱ्या काही पेशींकडे लक्ष दिले. नव्या वासाला त्या जोरात उत्तर देत. तोच वास पुन्हा पुन्हा आला की गप्प होत. माकड कुठे आणि माशी कुठे! पण ओळखीची खूण दोघांतही मौनाचीच.

आता एक गंभीर गोष्ट. तुमच्या शेजारी अशी एखादी आजी असेल, जी आपल्याच नातवाला “तू कोण रे?” असे विचारते. घरच्यांना वाटते, ती मुद्दाम करते. नातू रागावतो. अल्झायमर नावाच्या आजारात असे होऊ शकते. १९९१ साली हाइको आणि एव्हा ब्राक या दांपत्याने मृत्यूनंतर ८३ मेंदू तपासून लिहिले, की या आजाराचे धागे मेंदूच्या सालीत प्रथम एका छोट्या पट्टीत दिसतात. ती पट्टी पेरिरायनल भागातच मोडते. उंदीर जिथे नवे-जुने ओळखतो, तोच हा परिसर. या आजारावर पूर्ण बरे करणारे औषध अद्याप नाही. म्हणूनच मेंदू फार बिघडण्यापूर्वी आजार ओळखता यावा, यासाठी परिचयाच्या आणि नव्या चित्रांच्या चाचण्या तयार केल्या जात आहेत. आजीला नातवाचा राग आलेला नसतो. तिच्या रोषणाईतले बरेच दिवे विझलेले असतात.

स्वाध्याय

१. ‘ओळख’ आणि ‘आठवण’ यांतील फरक तुमच्या अनुभवातील एक उदाहरण देऊन लिहा.
२. उंदराने जुनी वस्तू ओळखली, हे संशोधकांना कशावरून कळले?
३. ‘माना न वळणे हीच ओळखीची खूण’ या वाक्याचा अर्थ सांगा.
४. तुमच्या गल्लीतील कुत्रा किंवा मांजर कोणाला पाहून उठते आणि कोणाला पाहून पडून राहते, याची आठवडाभर वहीत नोंद करा. प्राण्याला त्रास देऊ नका.