घरकुल बांधताना

विनयपिटकात धनिय भिक्खूची हकीकत आहे. हा कुंभाराचा मुलगा. राजगृहाजवळची त्याची गवताची कुटी गवत-लाकूड गोळा करणाऱ्यांनी तीनदा मोडून नेली, तेव्हा त्याने सबंध मातीची कुटी केली आणि गवत, लाकडे, गोवऱ्या रचून ती भाजून काढली. कुटी लाल, देखणी झाली. पण भाजताना जीवजंतूंविषयी दया राहिली नाही म्हणून भगवंतांनी ती मोडायला लावली. घर बांधताना भोवतालच्या सृष्टीचे काय होते, हा प्रश्न आपल्याकडे इतका जुना आहे.

आज तो विटेपाशी येतो. भट्टीच्या विटेला शेताची वरची कसदार माती लागते, शिवाय जळण. आपल्या जिल्ह्याच्या शेजारी पारस आणि भुसावळजवळ दीपनगर येथे औष्णिक वीज केंद्रे आहेत. तिथल्या राखेत सिमेंट व कच मिसळून दाबलेल्या विटा भाजाव्याच लागत नाहीत. काही दिवस पाणी मारले की त्या पक्क्या होतात. बांधकामात ही राख वापरावी म्हणून केंद्र सरकारने १९९९ साली अधिसूचनाही काढली. घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवून पाहाव्यात.

धाब्याची घरे उन्हाळ्यात थंड असत, असे पुष्कळजण सांगतात. खरे आहे. पण चांगली धाबी बहुधा पाटला-देशमुखांच्या वाड्यांवर होती. आपल्या वाडवडिलांच्या वाट्याला गावकुसाबाहेरचे कुडाचे खोपटे आले. म्हणून स्लॅबचे घर आपल्या माणसाला मानाचे वाटते, आणि त्याला 'मातीकडे परत जा' म्हणणे आम्हांस पटत नाही. शिवाय ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती व त्यांवरची जड धाबी कोसळून हजारो माणसे गेली. ज्यांचे जुने धाबे आहे त्यांनी दरवर्षी मातीवर माती न चढवता जास्तीची माती उतरवावी आणि जाणत्या गवंड्याकडून भिंतीत आरपार जोडदगड बसवून घ्यावेत. घर पाडलेच तर जुने सागवान कवडीमोलाने विकू नये. त्याच्या चौकटी नव्या घराला चालतात.

तेव्हा स्लॅबच थंड करावा. मलकापूर, नांदुरा, शेगावकडे दिवसभर तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता खाली सोडतो. होळीनंतर वरून चुन्याचे दोन पांढरे हात दिले तर पुष्कळ ऊन परत फेकले जाते. खिडक्या समोरासमोर असाव्यात, स्लॅबखाली गरम हवा जायला झरोका असावा, पश्चिमेला कडुलिंब.

आता पाणी. कर्जाच्या कागदांतील अंदाजपत्रके आम्ही रोज पाहतो. त्यांत रंग असतो, फरशी असते, पन्हळ क्वचितच. हिशेब सोपा आहे. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण घरकुलाचे किमान क्षेत्र २५ चौरस मीटर. तेवढेच छप्पर आणि ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर १७,५०० लिटर पाणी पडते. चौथाई वाया गेले तरी १३,००० लिटर उरते. पाच माणसांना पिण्यास व स्वयंपाकास रोज २५ लिटर धरले, तर पावसाळ्यानंतरच्या आठ महिन्यांना ६,००० लिटरची टाकी पुरते. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगावच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणीच खारे, तिथे या टाकीची किंमत वेगळी सांगायला नको. पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडावे, टाकीच्या तोंडाशी वाळू-खडीची गाळणी ठेवावी आणि आत उजेड व डास जाणार नाहीत असे घट्ट झाकण बसवावे. पिण्यापूर्वी पाणी उकळून घ्यावे.