सामाजिक शास्त्रांचा पाठ आणि गावचा सातबारा

इयत्ता सहावी ते आठवीत शिकणारा खेड्यातील विद्यार्थी अकरा ते चौदा वर्षांचा असतो. ‘हे असेच का?’ हा प्रश्न याच वयात त्याच्या मनात प्रथम जोराने उभा राहतो. 1952-53 च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने सामाजिक अभ्यासास सर्वांनी शिकावयाच्या विषयांत स्थान दिले, ते लोकशाहीतील नागरिक घडावा या हेतूने. प्रत्यक्ष वर्गात मात्र या विषयाच्या वाट्यास बहुधा सनावळ्या आणि व्याख्या येतात. पंचायत राज्याचे तीन स्तर धडाधड सांगणारा मुलगा घरी आलेला सरकारी कागद वडिलांस वाचून दाखवू शकत नाही, तेव्हा त्याच्या पाठांतराचे मोल काय, याचा विचार शिक्षकानेच करावयास हवा.

असा एक कागद म्हणजे सातबाराचा उतारा. गाव नमुना 7 हा हक्काचा आणि गाव नमुना 12 हा पिकाचा. दोन्ही मिळून ‘सातबारा’. या एका पत्रकात इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र आणि शिवाय गणितही दडलेले आहे.

आरंभ मोजणीने करावा. 33 फूट लांबीची दोरी घेऊन शाळेच्या पटांगणात मुलांकडून चौरस आखून घ्यावा. हा झाला एक गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. घरची माणसे एकर-गुंठ्यांत बोलतात, उताऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. एक हेक्टर म्हणजे 100 आर, सुमारे अडीच एकर. हा मेळ मुलांनी स्वतः घातला की, तोवर परका वाटणारा कागद ओळखीचा होतो.

मग इतिहासाकडे वळावे. इंग्रजी अमलात 1835 च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात जमिनीची पाहणी करून सारा ठरविण्याची पद्धत घातली, आणि पुढे ती मुंबई इलाख्यात पसरली. उताऱ्यावरील ‘आकार’ हा शब्द त्या परंपरेतला. काही गावांत सर्व्हे नंबर आहेत, काहींत गट नंबर. गट नंबर कोठून आले, असे विचारणाऱ्या मुलास 1947 च्या तुकडेबंदी व एकत्रीकरणाच्या कायद्यापर्यंत न्यावे. ‘इतर अधिकार’ या रकान्यात कुळाची जुनी नोंद आढळली, तर पश्चिम महाराष्ट्रात व कोकणात 1948 चा कुळकायदा समोर उभाच राहतो. पाठ्यपुस्तकात दोन ओळींत संपणारा हा कायदा कोणाच्या तरी आजोबास जमिनीचा मालक करून गेलेला असतो, आणि कोणाच्या आजोबाची जमीन घेऊन गेलेला असतो. दोघांची नातवंडे एकाच बाकावर बसलेली असण्याचा संभव आहे. म्हणून येथे शिक्षकाने जपून बोलावे. कोणाच्या घरचा उतारा वर्गात आणवू नये. नावे काल्पनिक घालून फळ्यावर नमुना काढावा, हेच श्रेयस्कर.

नावांच्या रकान्यापाशी मात्र अवश्य थांबावे. भावांची नावे आहेत, बहिणींची का नाहीत, हा प्रश्न एखादी मुलगी विचारील. न विचारल्यास तो शिक्षकाने काढावा. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीस मुलाप्रमाणे हक्क देणारी दुरुस्ती हिंदू वारसा कायद्यात महाराष्ट्राने 1994 सालीच केली, आणि 2005 साली ती देशभर झाली. कायदा असा असूनही पुष्कळ ठिकाणी बहिणींची सही हक्कसोडपत्रावर घेतली जाते. सही करावी की न करावी, हे शाळेने सांगू नये. तो त्या घराचा प्रश्न आहे. परंतु आपण कशावर सही करीत आहो, हे आज सातवीत बसलेल्या मुलीस त्या दिवशी वाचता आले पाहिजे. वारसनोंद, फेरफार, कंसात गेलेले नाव, बोजा हे शब्द तिला दुसरे कोण शिकविणार?

ग्रामसभेचा पाठ यास जोडून घ्यावा. मताचा अधिकार अठराव्या वर्षी येतो. बसून ऐकण्यास वयाची वाट पाहण्याचे कारण नाही. 2011 पासून पंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, पण सभेत बोलते कोण, याची नोंद मुलांनी वहीत करावी. पुढील तासाला तीच चर्चेस पुरेल.

या पाठास खरिपाची पेरणी आटोपल्यानंतरचे दिवस सोयीचे. नमुना 12 वर पीक, हंगाम व क्षेत्र लिहिलेले असते; शेतात खरोखर काय उभे आहे, ते मुले पाहून येऊ शकतात. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर ही नोंद करावयाची असते, आणि अनेक घरी ते काम शाळेत जाणाऱ्या मुलाच्याच हाती येते. गाव ज्यास अद्याप तलाठीच म्हणते, त्या अधिकाऱ्यास एक दिवस वर्गात बोलावून मुलांचे प्रश्न त्यांच्यापुढे ठेवावेत. प्रश्न मात्र आदल्या दिवशी मुलांनीच लिहून काढलेले असावेत.