नसेचं ऑपरेशन: त्याच दिवशी घरी की मुक्काम?

“नसेचं ऑपरेशन आणि संध्याकाळी घरी? डॉक्टर, एखादी रात्र ठेवून घ्या ना!” नातेवाईक हमखास म्हणतात. काळजी रास्त आहे. पण मुक्काम जास्त म्हणजे उपचार चांगले, असं नसतं.

कार्पल टनेलचंच पाहा. मनगटापाशी मिडियन नस दबते. अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. ऑपरेशनमध्ये तळहाताला छोटासा छेद देऊन नसेवरचा जाड पट्टा कापतात. बहुधा हातच बधिर केलेला असतो; पेशंट आमच्याशी बोलत असतो. अर्ध्या तासाच्या आत काम होतं आणि पेशंट बहुधा त्याच दिवशी घरी जातो; यालाच डे-केअर म्हणतात. कोपरापाशी दबलेली अल्नर नसही अनेकदा डे-केअरमध्येच मोकळी करतात.

बाइकच्या अपघातात मानेपासून हातात जाणाऱ्या नसा तुटल्या, तर गोष्ट वेगळी. पूर्ण भूल, कित्येक तासांचं ऑपरेशन, गरज पडल्यास पायातली नस काढून जोडणं. इथे ॲडमिट व्हावंच लागतं. अशा वेळी महिनोन्‌महिने वाट पाहू नका. जोडलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते आणि तोवर स्नायू सुकत जातात.

ऑपरेशन छोटं असलं, तरी हृदयविकार, आटोक्यात नसलेला मधुमेह किंवा झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असेल, घरी सोबतीला कुणी नसेल किंवा गाव लांब असेल, तर एक रात्र थांबणं शहाणपणाचं. रक्त पातळ करणारी गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्याच दिवशी घरी गेलात, तर हात छातीच्या वर ठेवा आणि बोटं हलवत राहा. अख्खा हात बधिर केला असेल, तर संवेदना परतेपर्यंत गॅसजवळ जाऊ नका. तवा लागला तरी चटका कळत नाही. स्वतः गाडी चालवू नका. गोळीनेही न थांबणारी वाढती कळ, निळी पडलेली बोटं, रक्ताने भिजणारं बँडेज, ताप किंवा पू दिसला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

विम्याचंही आधीच विचारून घ्या. डे-केअर आणि ओपीडी या पॉलिसीत वेगळ्या गोष्टी असतात. ओपीडीचा खर्च अनेक पॉलिसींत मिळत नाही. पण केवळ क्लेमसाठी मुक्काम वाढवू नका. कुठली नस, कोणती भूल, इतर आजार आणि घरची सोबत, या चार गोष्टी डॉक्टरांसमोर मोकळेपणाने मांडा आणि मगच ठरवा.