लोखंडी सुरवंट

रस्त्याचे वा धरणाचे काम चालू असले, म्हणजे तेथे बुलडोझर हमखास दिसतो. त्याचा खडखडाट कानी आला की मुलांची पावले आपोआप तिकडे वळतात. आजचा बुलडोझर किल्ली फिरविताच सुरू होतो आणि हाताच्या हलक्या हालचालीने हवा तसा वळतो. परंतु सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा बुलडोझर जागा करणे व हाकणे ही एक स्वतंत्र विद्याच होती. ती विद्या आता लोपत चालली आहे. तथापि, जुने बुलडोझर शोधून काढून त्यांना पुन्हा कामास जुंपणारी माणसे आजही जगात आहेत. त्यांच्या या विलक्षण छंदाची ओळख आपण करून घेऊ.

या यंत्राचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात झाला. तेथील स्टॉक्टन शहराजवळची जमीन कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेली, काळी व भुसभुशीत आहे. वाफेवर चालणारे अवजड ट्रॅक्टर तीत रुतून बसत. बेंजामिन होल्ट या कारखानदारांनी प्रथम चाके रुंद करून पाहिली. परंतु त्यामुळे यंत्र इतके अवाढव्य झाले की ते वळविणेच कठीण होऊन बसले. तेव्हा त्यांनी एका ट्रॅक्टरची मागील चाके काढून त्यांच्या जागी लाकडी फळ्यांचे फिरते पट्टे बसविले. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी या ट्रॅक्टरची चाचणी झाली आणि तो त्या मऊ जमिनीवरून न रुतता चालत गेला.

असे का झाले? चिखलात पाऊल रुतते. पण त्याच चिखलावर फळी टाकून चालले तर रुतत नाही, कारण आपला भार फळीभर पसरतो. होल्ट यांचा ट्रॅक्टर जणू आपली फळी आपणच पुढे अंथरीत आणि मागून उचलीत चालला होता. त्याची ती संथ चाल पाहून एका छायाचित्रकाराला सुरवंटाची आठवण झाली, असे सांगतात. सुरवंटास इंग्रजीत कॅटरपिलर म्हणतात. तेच नाव होल्ट यांनी १९१० साली आपल्या यंत्रांसाठी नोंदविले. पुढे १९२५ साली होल्ट व बेस्ट या दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकत्र येऊन कॅटरपिलर ट्रॅक्टर कंपनी स्थापन झाली. बुलडोझर हे नाव आरंभी केवळ ट्रॅक्टरपुढे बसविलेल्या पोलादी पात्याचे होते. कालांतराने सबंध यंत्रासच लोक बुलडोझर म्हणू लागले.

या कंपनीचा १९३५ साली निघालेला आणि पुढे 'डी ८' या नावाने प्रसिद्धीस आलेला ट्रॅक्टर त्या काळचा बलाढ्य गडी होता. १९४५ ते १९५३ या काळात तयार झालेल्या 'डी ८' चे वजन पात्याशिवायच सुमारे १६ टन भरे. त्याच्या इंजिनात सहा सिलिंडर होते आणि प्रत्येक दट्ट्या ८ इंच खालीवर होत असे. दुसऱ्या महायुद्धात अशा यंत्रांनी मोठी कामगिरी बजाविली. आसामातील लेडो गावापासून ब्रह्मदेशाच्या घनदाट अरण्यातून जाणारा रस्ता त्यांच्याच बळावर खोदला गेला. त्याचे काम १९४२ च्या डिसेंबरात सुरू झाले आणि जानेवारी १९४५ मध्ये चीनकडे जाणारा मोटारींचा पहिला ताफा लेडोहून निघाला. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेले पट्ट्यांचे ट्रॅक्टर भारत सरकारने शेतीच्या कामी लावले. मध्य भारतातील विस्तीर्ण जमिनी कांस नावाच्या चिवट गवताने व्यापल्या होत्या. त्याच्या खोल गेलेल्या मुळ्या उपटण्यास बैलांचा नांगर अपुरा पडे. ते काम या ट्रॅक्टरांनी केले.

पुढे अधिक शक्तिमान यंत्रे आली आणि जुन्यांचे दिवस सरले. कोणी बंद पडलेल्या खाणीत, कोणी जंगलतोडीच्या रानात, तर कोणी शेताच्या बांधाकडेला उभे राहिले. त्यांच्या पट्ट्यांतून झुडपे उगवली. भंगाराचा भाव चढला, की कापणाऱ्यांच्या ज्योतीखाली कित्येकांचे तुकडे झाले. जे उरले, त्यांच्या शोधात आज हौशी माणसे हिंडतात. १९९१ साली अमेरिकेत जुन्या कॅटरपिलर यंत्रांच्या मालकांनी आपला एक संघही स्थापन केला.

हा शोध म्हणजे एक प्रकारचे संशोधनच होय. निवृत्त चालकांस व ठेकेदारांस विचारीत शोधक रानोमाळ फिरतो. यंत्र सापडले, की प्रथम त्यावर कोरलेला क्रमांक गंज पुसून वाचावयाचा. क्रमांकाच्या आरंभीच्या खुणेवरून यंत्राचे वय उमगते. 'डी ८' वर '१ एच' असे असेल तर ते १९३५ ते १९४१ च्या दरम्यानचे, '८ आर' असेल तर युद्धकाळातील आणि '२ यू' असेल तर युद्धानंतरचे समजावे.

मग वैद्याने रोग्याची नाडी पाहावी तशी परीक्षा सुरू होते. इंजिनाचे धुराडे उघडे राहिले असेल, तर पावसाचे पाणी आत शिरून दट्टे गंजाने जखडलेले असतात. इंजिनात साठलेल्या तेलाच्या तळाचे बूच किंचित सैल करतात. पाणी तेलाहून जड असते. म्हणून आधी पाणी ठिबकले, तर आत ओल शिरली असे निदान होते. थंड प्रदेशात आणखी एक भय असते. इंजिन थंड राखण्यासाठी भरलेले पाणी तसेच राहून गोठले, तर ते प्रसरण पावून जाड ओतीव लोखंडही तडकविते. पट्टे फिरविणाऱ्या दातेरी चाकाचे दात झिजून अणकुचीदार झाले असतील, तर दुरुस्तीचा खर्च फार वाढतो. जखडलेले दट्टे बळाने फिरवू पाहिले तर मोडतात. त्यांवर पातळ तेल ओतून दिवसेंदिवस, कधी आठवडेच्या आठवडे वाट पाहावी लागते. उतावळेपणा येथे कामाचा नाही.

यंत्र दुरुस्त झाले, तरी ते सुरू करणे सोपे नसते. डीझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याच्या दाबाने सिलिंडरातील हवा तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेटते. परंतु असे प्रचंड इंजिन हाताने फिरविणार कोण? म्हणून त्याच्या अंगावर दोन सिलिंडरांचे एक लहान पेट्रोल इंजिन बसविलेले असे. चालकाने हँडल मारून आधी हे धाकटे इंजिन सुरू करावयाचे. हँडल उलटे फिरून फटका देण्याचा संभव असल्यामुळे अंगठा बोटांच्याच बाजूस ठेवण्याची शिस्त होती. अंगठ्याने दांडा कवटाळणारास मनगट गमावण्याचे भय असे. त्यानंतर थोरल्या इंजिनाचा दाब एका दांड्याने मोकळा करून धाकट्याकरवी ते नुसतेच फिरवावयाचे. दोहोंचे पाणी एकच असल्यामुळे आणि धाकट्याचा तप्त धूर थोरल्याच्या हवेच्या नळीलगत खेळविल्यामुळे थोरले हळूहळू ऊब धरी. तेल सर्वत्र पोहोचल्याचे काट्यावर दिसले, म्हणजे दाब चालू करून इंधन सोडावयाचे. काळा धूर उसळे, जमीन हादरे आणि वर्षानुवर्षे निजलेला तो लोखंडी सुरवंट घुमू लागे.

यापुढील परीक्षा याहूनही कठीण असते. जुन्या बुलडोझरला वळविण्यासाठी चक्र नसते. दोन पट्ट्यांचे दोन दांडे असतात. उजवा दांडा ओढला, की उजव्या पट्ट्याची शक्ती तुटते, डावा पट्टा रेटीत राहतो आणि यंत्र उजवीकडे वळते. सपाटीवर हे ठीक. परंतु उतारावर सारेच उलटे होते! तेथे यंत्र स्वतःच्याच वजनाने खाली घसरू पाहते आणि इंजिन त्यास आवरून धरते. अशा वेळी उजवा दांडा ओढला, तर उजवा पट्टा मोकळा होऊन भराभर पुढे धावतो आणि यंत्र डावीकडे वळते. ज्यास हे ठाऊक नाही, तो कडा चुकविण्यासाठी दांडा ओढतो आणि नेमका कड्याकडेच जातो. शिवाय जुन्या यंत्रांवर, उलटल्यास चालकाचे रक्षण करणारा पिंजरा नसे. अमेरिकेत नव्या बुलडोझरांवर तो सक्तीचा झाला १९७० च्या दशकात. त्यामुळे एका चुकीची किंमत प्राणांनी मोजावी लागे.

ही गोष्ट पुस्तकात लिहिता येते. पण उतारावर ती हातास आठवावी लागते. इंजिनाच्या सुरातील फरक ओळखणे, पात्याखालची माती मऊ की खडकाळ हे बसल्या जागी जाणणे, या गोष्टी अनुभवी चालकाशेजारी उभे राहूनच शिकता येतात. त्या पिढीतील बहुतेक चालक आज हयात नाहीत. म्हणून जाणते छांदिष्ट केवळ यंत्रे गोळा करीत नाहीत. जे वृद्ध चालक उरले आहेत, त्यांस मानाने बोलावून यंत्रावर बसवितात आणि तरुणांस त्यांच्या हाताखाली शिकू देतात. ओहायो राज्यातील बोलिंग ग्रीन येथे अशा यंत्रांचे एक संग्रहालय आहे. ते चालविणारी संस्था दर वर्षी मेळावा भरविते आणि त्यात जुनी यंत्रे प्रेक्षकांदेखत माती उपसून दाखवितात.

लोखंड गंजले तरी घासून उजळता येते. मोडलेला भाग नव्याने ओतता येतो. परंतु जाणत्या माणसाबरोबर त्याचे कसब गेले, तर ते कोणत्याही कारखान्यात घडविता येत नाही. तुमच्या गावातही कोणी मोट हाकलेले, कोणी तेलघाणा चालविलेले, कोणी वाफेच्या इंजिनावर राबलेले आजोबा असतील. यंत्रे संग्रहालयात जातील. त्यांची विद्या मात्र विचारणाऱ्यालाच मिळेल. ती वेळेवर विचारून घेणे, हे आपल्याच हाती आहे.

स्वाध्याय

१. होल्ट यांनी ट्रॅक्टरची चाके काढून पट्टे का बसविले? चिखल व फळी यांच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२. धाकटे इंजिन थोरल्या इंजिनास कोणकोणत्या प्रकारे साहाय्य करते?
३. उतारावर उजवा दांडा ओढल्यास यंत्र डावीकडे का वळते?
४. 'उतावळेपणा येथे कामाचा नाही,' असे लेखकाने का म्हटले आहे?
५. तुमच्या गावातील एखाद्या वृद्ध कारागिरास भेटून त्याच्या कसबाची माहिती दहा-बारा ओळींत लिहा.