डायलिसिसवरील आयुष्य : यंत्रापलीकडचा विचार

दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली की सारे संपले, अशी एके काळी स्थिती होती. नेदरलँड्समधील डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये रक्त शुद्ध करणारे यंत्र प्रथम वापरले आणि १९४५ मध्ये त्या यंत्राने एका रुग्णाचे प्राण वाचविले. आज कोल्हापुरातही ही सोय आहे. तथापि यंत्र उपलब्ध असणे आणि रुग्ण दीर्घकाळ जगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांत अंतर का पडते, हे आमचे देणगीदार, विश्वस्त व रुग्णांचे कुटुंबीय यांच्यापुढे मांडावे, या हेतूने हे विवेचन.

प्रथम देशाचे चित्र पाहू. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर झाला, तेव्हा दरवर्षी सुमारे २.२ लाख नव्या रुग्णांची भर पडते, असे सांगण्यात आले. त्यापूर्वी २०१२ मध्ये पन्नास हजारांहून अधिक मूत्रपिंडविकारग्रस्तांची देशव्यापी नोंद प्रसिद्ध झाली होती. तीत सुमारे ३१ टक्के रुग्णांच्या विकाराचे मूळ मधुमेहात होते, आणि जवळजवळ निम्मे रुग्ण तज्ज्ञांकडे आले ते अखेरच्या अवस्थेतच. म्हणजे उपचार सुरू होण्यापूर्वीच बराच काळ हातचा गेलेला असतो.

डायलिसिस सुरू झाल्यावर काय होते? देशातील अनेक केंद्रांमधील तेवीस हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार सहा महिन्यांनंतर सुमारे ८३ टक्के रुग्ण हयात होते. मात्र केंद्राकेंद्रांत मोठी तफावत आढळली, आणि ग्रामीण भागातील रुग्णांना धोका अधिक दिसला. या अभ्यासात स्त्रियांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होते, ही बाबही विचार करावयास लावणारी आहे.

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड काम करतात. चार तासांचे डायलिसिस आठवड्यातून तीनदा घेतले, तरी एकूण बाराच तास होतात. दोनदा घेतले तर आठच. यांतील एक पाळी चुकली की शरीरात पाणी व पोटॅशियम साचते आणि हृदयावर ताण येतो. म्हणून नियमितपणा हेच येथे खरे औषध आहे.

आमच्या भागात हा नियमितपणा राखणे सोपे नाही. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून दूर. शासकीय योजनांमुळे उपचारखर्चाचा भार हलका झाला; पण एसटीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी कोणत्या योजनेत बसते? २०१९ व २०२१ च्या महापुरांत पंचगंगेने रस्ते अडविले, तेव्हा रुग्णांची पाळी पुराच्या ओसरण्याची वाट पाहू शकत नव्हती. पाणी चढण्याआधीच रुग्णाला शहरात आणून निवारा देणे, हाही उपचाराचाच भाग मानला पाहिजे.

कुटुंबीयांना आमची विनंती अशी : मधुमेह वा रक्तदाब असलेल्यांची वर्षातून एकदा क्रिएटिनिन व लघवीतील प्रथिनांची तपासणी करावी. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. रुग्णाच्या ताटातून लोणचे-पापड दूर ठेवावेत. शहाळ्याचे पाणी, केळी व तांबडा रस्सा डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. डॉक्टरांनी सुचविताच हातावरील फिस्टुलाची शस्त्रक्रिया वेळेत करून घ्यावी व त्या हातावर रक्तदाब मोजू देऊ नये.

देणगीदारांना नम्रपणे सांगावेसे वाटते की, नवे यंत्र डोळ्यांत भरते, तर गरीब रुग्णाचे प्रवासभाडे कोणाच्या दृष्टीस पडत नाही. तरीही त्या भाड्यामुळे चुकू पाहणारी एक पाळी वाचते, आणि अशा पाळ्यांच्या बेरजेलाच आयुष्य म्हणतात. आपले साहाय्य या दोन्हींसाठी लाभावे, हीच प्रार्थना.