भेडाघाटचा दगड व त्याचे पृथक्करण

जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदेच्या दोन्ही तीरांवर उभे असलेले शुभ्र कडे संगमरवराचे म्हणून प्रसिद्ध आहेत. परंतु हा संगमरवर निव्वळ चुनखडीचा नव्हे. तो मुख्यत्वे डोलोमाइटचा आहे. शुद्ध डोलोमाइटच्या १०० भागांत वजनाने कॅल्शियम २१.७, मॅग्नेशियम १३.२, कार्बन १३.० व ऑक्सिजन ५२.१ भाग असतात.

थंड, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाने चुनखडी तत्काळ फसफसते; डोलोमाइट, पूड केल्याखेरीज, फारसे फसफसत नाही. प्रमाण ठरविण्यास मात्र पृथक्करणच करावे लागते. आम्लात विरघळविलेल्या दगडातून प्रथम अमोनियम ऑक्झलेटने कॅल्शियमचा साका पाडतात. तो गाळून घेतल्यावर उरलेल्या द्रावातून मॅग्नेशियम फॉस्फेटरूपाने वेगळे करतात.

पहिल्या साक्याबरोबर थोडे मॅग्नेशियमही खाली बसते. म्हणून तो साका आम्लात विरघळवून पुन्हा पाडावा लागतो. तसे न केल्यास कॅल्शियम वाजवीपेक्षा अधिक व मॅग्नेशियम कमी भरते. ही चूक क्षुल्लक नव्हे. सिमेंटात मॅग्नेशियम ऑक्साइड प्रमाणाबाहेर गेल्यास बांधकाम कालांतराने फुगून तडकते.

आज क्ष-किरणांच्या साहाय्याने दोन्ही धातू एकाच वेळी मोजता येतात. तथापि ते उपकरणही ज्ञात घटकांच्या नमुन्याशी ताडून घ्यावे लागते. एकत्र नांदणाऱ्या मूलद्रव्यांपैकी एकाच्या मापातील चूक दुसऱ्याच्या मापात उतरते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.