विरळ आडनावांचा मागोवा

आडनाव ही वडिलांकडून न मागता मिळालेली इस्टेट होय. ती आपण जन्मभर वापरतो, परीक्षेच्या अर्जावर ठळक अक्षरांत लिहितो, लग्नपत्रिकेत मिरवतो. पण ती घरात कोठून आली, याची चौकशी सहसा करीत नाही. आपल्या महाविद्यालयाचा कोणताही हजेरीपट उघडून पाहावा. पाटलांची रांग संपता संपत नाही. मग जाधव, शिंदे, चव्हाण, कांबळे, मोरे, पोवार येतात. मध्येच एखादे आडनाव असे येते की हजेरी घेणारे सर क्षणभर अडखळतात, आणि त्या नावाचा विद्यार्थी त्यांनी काही म्हणण्यापूर्वीच ‘हजर’ म्हणून मोकळा होतो.

त्या एकट्या आडनावाविषयी मला नेहमीच कुतूहल वाटत आले आहे. एखादे आडनाव विपुल आणि एखादे विरळ का असते? जे विरळ ते अधिक जुने, अधिक खानदानी, असा एक समज आहे. तो कितपत खरा आहे? आणि अशी आडनावे नाहीशी झाली तर आपले काही नुकसान होते काय? या तीन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

आडनाव कसे ठरले?

आज आपण नाव, वडिलांचे नाव व आडनाव असे तीन पदरी नाव लिहितो. ही पद्धत सर्वांसाठी नेमकी झाली ती शाळा, कचेरी, पलटण आणि कोर्ट यांच्या नोंदवह्यांमुळे. जुन्या मोडी कागदांत माणसाची ओळख ‘अमका बिन तमका, मोकदम, मौजे अमुक’ अशी असे. बापाचे नाव, हुद्दा आणि गाव या तिन्हींपैकी जे सोयीचे ते पुढे आडनाव होऊन बसले. हुद्द्यावरून पाटील, कुलकर्णी, देशपांडे, देसाई, चौगुले. धंद्यावरून लोहार, सुतार, कुंभार. आणि गावावरून ‘कर’ लावलेली असंख्य नावे.

कोल्हापुरात धंद्यावरून पडलेल्या नावाचा एक वेगळाच नमुना आहे. चित्रपटमहर्षी बाबूराव पेंटर (१८९०-१९५४) यांचे घराणे मेस्त्री. चित्रकलेत नाव झाले आणि ‘पेंटर’ हेच आडनाव लोकांच्या तोंडी बसले. आडनाव ही दगडावरची रेघ नसून ते एका पिढीतही बदलू शकते, याचे हे आपल्या घरचेच उदाहरण.

‘कर’ आणि ‘स्की’

हा प्रश्न केवळ मराठी माणसाचा नाही. तुलनेसाठी फार दूर जाण्याचेही कारण नाही. कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. रशियातून इराणमार्गे आलेली सुमारे पाच हजार माणसे, त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले, येथे राहिली. त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते. त्यांची आठवण म्हणून महावीर उद्यानात स्मारकही उभे आहे. ही माणसे आपल्याबरोबर स्लाव्ह भाषाकुळातील आडनावे घेऊन आली होती. ती आपल्या कानाला परकी वाटली, तरी त्यांची घडण मात्र ओळखीची आहे.

पोलिश आडनावांतील ‘स्की’ हा प्रत्यय आपल्या ‘कर’चा चुलतभाऊच म्हणावा. तार्नूफ या गावावरून तार्नोव्स्की, तसे कागलवरून कागलकर. तथापि दोहोंत एक मौजेचा फरक आहे. पोलंडमध्ये प्रथम हा प्रत्यय लावला तो सरदार-जमीनदारांनी, आपल्या ताब्यातील गावाच्या नावाला. म्हणजे तेथे ‘स्की’ म्हणजे गावाचा धनी. पुढे त्या प्रत्ययाला प्रतिष्ठा आली आणि सामान्यांनीही तो उचलला. लोहाराला पोलिश भाषेत ‘कोवाल’ म्हणतात. त्यावरून कोवाल्स्की झाले. आपल्याकडे पंत अमात्य बावडेकर किंवा कागलकर घाटगे यांच्यासारखी जहागीरदार मंडळी सोडली, तर ‘कर’ हा बहुधा गाव सोडून गेलेल्या माणसाचा प्रत्यय आहे. कागलमध्ये राहणाऱ्याला कागलकर म्हणण्यात काय अर्थ? सारे गावच कागलकर. माणूस कोल्हापुरात, पुण्यात, बडोद्यात गेला म्हणजे तो कागलकर होतो. ‘कोल्हापुरे’ आणि ‘कोल्हापूरकर’ ही नावे पडली तीही कोल्हापूरच्या वेशीबाहेरच पडली असणार. सीमेपलीकडच्या कन्नड भागात तर प्रत्ययाचीही गरज भासत नाही. राजाराम महाविद्यालयाचे एके काळचे प्राचार्य आणि थोर कन्नड साहित्यिक वि. कृ. गोकाक यांचे आडनाव म्हणजे नुसते गावाचे नाव.

वळिवड्याची गोष्ट एवढ्यावर संपत नाही. फाळणीनंतर त्याच परिसरात सिंधी निर्वासित वसले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. सिंधी आडनावांतील ‘आणी’ हा प्रत्यय गाव सांगत नाही, पूर्वज सांगतो. मराठी ‘कर’, पोलिश ‘स्की’ आणि सिंधी ‘आणी’ : माणसाची ओळख पटविण्याच्या तीन तऱ्हा एकाच शिवारात पाच-सहा वर्षांच्या अंतराने येऊन गेल्या. आडनावांच्या अभ्यासकाला यापेक्षा चांगली शाळा कोठे मिळणार?

विपुल का, विरळ का?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. पोलंडमधील सर्वांत विपुल आडनाव ‘नोवाक’ हे आहे. नागरिकांच्या सरकारी नोंदवहीप्रमाणे ते लावणारे सुमारे दोन लाख लोक तेथे आहेत. नोवाक म्हणजे गावात नवा आलेला; आपल्या जुन्या भाषेत मिरासदाराच्या उलट तो ‘उपरी’. प्रत्येक गावात कोणी ना कोणी नवा येतोच. म्हणून हे नाव शेकडो ठिकाणी, एकमेकांशी संबंध नसताना, स्वतंत्रपणे जन्मले. आपल्या पाटलांचेही तसेच. प्रत्येक गावाला पाटील होता, म्हणून प्रत्येक गावात पाटील हे आडनाव जन्मले. त्याचे मूळ एक नाही, हजारो आहेत. म्हणूनच दोन पाटलांचा परस्परांशी काही नातेसंबंध असेलच असे नाही. जातही एक असेल असे नाही.

विरळ आडनावाचे याच्या नेमके उलट असते. त्याचे मूळ बहुधा एकच : एक गाव, एक घर, एखादा प्रसंग. ज्येष्ठ गीतकार जगदीश खेबूडकर (१९३२-२०११) यांचे आडनाव पाहा. करवीर तालुक्यात खेबवडे नावाचे गाव आहे. खेबवडेकर या लांबलचक शब्दातील ‘वडे’ बोलण्याच्या ओघात आखडून ‘खेबूडकर’ झालेले दिसते. गाव लहान, त्यातून बाहेर पडलेली घरे थोडी, म्हणून नाव विरळ. याचा अर्थ ते इतरांहून जुने वा थोर आहे असा नव्हे. विरळपणा ही घराण्याची पदवी नाही. तो एक पत्ता आहे. पाटील या नावावरून मूळ गाव सांगता येत नाही. खेबूडकर या नावावरून ते नकाशावर बोट ठेवून दाखविता येते. विरळ आडनावाचे खरे मोल मला येथे दिसते.

मोजणीतील अडचणी

एखादे आडनाव किती जणांचे, हे सांगणे वाटते तितके सोपे नाही. आपल्या जनगणनेत नावे लिहून घेतात, पण आडनावांचे तक्ते प्रसिद्ध होत नाहीत. तेव्हा मतदारयाद्या, शाळेची जनरल रजिस्टरे, जुन्या टेलिफोन डिरेक्टऱ्या यांवर भिस्त ठेवावी लागते. त्यातही लेखनाचा घोळ. खेबूडकर की खेबुडकर? पवार की पोवार? इंग्रजी स्पेलिंगमधून पुन्हा मराठीत आणताना तर एका नावाची तीन नावे होतात. पोलिश आडनावांत ही अडचण वेगळ्या रूपात येते. तेथे ‘स्की’ हे पुरुषाचे रूप, स्त्रीचे ‘स्का’. त्या काळी मुंबईत पोलंडचे कॉन्सल-जनरल असलेले बानाशिन्स्की आणि निर्वासितांच्या मदतीसाठी झटलेल्या त्यांच्या पत्नी कीरा बानाशिन्स्का, ही दोन आडनावे नव्हेत, एकच आहे. हे ठाऊक नसलेला मोजणारा एका नावाची दोन नावे करील आणि विपुल नावालाही विरळ ठरवील.

मूळ शोधताना

नावाचे मूळ शोधताना सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उच्चारातील साम्य. मोरे म्हणजे मौर्य आणि शेलार म्हणजे शिलाहार, असे आपण सहज बोलून जातो. तसे असेलही, पण नुसते कानाला पटणे हा पुरावा नव्हे. माझ्या मते तीन कसोट्या लावाव्यात. ते आडनाव सर्वांत दाट कोठे आढळते? त्याचे सर्वांत जुने लिखित रूप कोणते? आणि जुन्या रूपापासून आजच्या रूपापर्यंत झालेला उच्चाराचा बदल त्या भागातील बोलीला धरून आहे काय?

याही पलीकडे इतिहास चकवितो तो वेगळाच. इचलकरंजी संस्थानचे मूळ पुरुष नारो महादेव हे जोशी. कापशीच्या घोरपडे घराण्याच्या आश्रयाने ते नावारूपास आले आणि कृतज्ञता म्हणून त्यांनी धन्याचे घोरपडे हेच आडनाव धारण केले. त्यामुळे कापशीचे घोरपडे मराठा आणि इचलकरंजीचे घोरपडे ब्राह्मण. हे माहीत नसेल तर केवळ आडनावावरून कुळ काढणारा अभ्यासक हमखास फसेल.

विरळ नावे का लोपतात?

१८७३ साली फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने एक प्रश्न मांडला : मोठमोठ्या घराण्यांची आडनावे नाहीशी का होतात? हेन्री वॉटसन यांनी त्याचे गणित मांडले आणि पुढील वर्षी दोघांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याचे सार सोपे आहे. आडनाव मुलाकडून पुढे जाते. दर पिढीत काही घरांत मुलगा नसतो, किंवा असला तरी त्याला अपत्य नसते. हजार घरांचे आडनाव हा तोटा सोसते. तीन घरांचे आडनाव दोन-तीन पिढ्यांत संपू शकते. त्यात कोणाचा दोष नसतो. आपल्याकडे मुलीचे आडनाव लग्नानंतर बदलते, म्हणून हा हिशेब येथेही तंतोतंत लागू पडतो.

पण गणिताखेरीज दुसरेही कारण आहे, आणि ते मला अधिक विचार करण्याजोगे वाटते. माणसे विरळ आडनाव स्वतःहून टाकतात. कागलच्या मातीतून आलेले आनंद यादव यांचे घराण्याचे आडनाव जकाते. जकात या शब्दाशी नाते सांगणारे हे नाव मागे राहिले आणि साहित्यात यादव हे नाव रूढ झाले. माझ्या आजोळीही तसेच आहे. कागदोपत्री सारे पाटील. जुने आडनाव फक्त लग्नात आणि देवाच्या जागरणाला थोरल्यांच्या तोंडून ऐकू येते. गावात पाटीलकी होती, शाळेत नाव घालताना तेच लिहिले गेले, आणि माझ्या मामेभावंडांना जुने नाव आता सांगताही येत नाही. मजा अशी की राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन रद्द करून तलाठी नेमले, १९६२ साली मुलकी पाटलांचे पद रद्द करणारा कायदा झाला. हुद्दे गेले, पण आडनावे मात्र राहिली आणि फोफावली.

जे नाव टाकतात त्यांना नावे ठेवण्याचा अधिकार मात्र आपल्याला नाही. गाढवे, उंदरे, डुकरे अशी आडनावे असणाऱ्या मुलाला वर्गात काय सोसावे लागते, हे आपण सर्वजण जाणतो. आपल्यापैकी काही जण त्या हसण्यात सामीलही असतील. जेथे आडनावावरून जात हुडकली जाते, तेथे ते बदलावेसे वाटणे स्वाभाविक आहे. ‘कर’ आडनावाचा एक मोठा गुण असा की ते गाव सांगते, जात सांगत नाही. सकपाळ घराण्यातील एका मुलाच्या नावापुढे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे या खेड्यावरून आलेले आडनाव लागले. ते मूळचे विरळ नाव. डॉ. बाबासाहेबांच्या कर्तृत्वाने आज आंबेडकर हे नाव साऱ्या जगाला ठाऊक आहे. आडनावाचे वजन ते लावणाऱ्यांच्या संख्येवर नसते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

समारोप

तेव्हा विरळ आडनाव म्हणजे खानदानाचा दाखला नव्हे, आणि लाज बाळगण्याची वस्तूही नव्हे. तो एक छोटासा ऐतिहासिक कागद आहे आणि त्याची दुसरी प्रत कोठेही नाही. एखाद्याने आडनाव बदलावे की ठेवावे हा ज्याचा त्याचा प्रश्न; परंतु बदलण्यापूर्वी त्याची नोंद होणे हा आपल्या सर्वांचा प्रश्न आहे. नाव बदलल्याची जाहिरात सरकारी राजपत्रात येते; ते का बदलले आणि मूळ कोठून आले होते, हे मात्र आजीबरोबर जाते.

म्हणून माझ्या विद्यार्थी मित्रांना एक विनंती आहे. येत्या सुट्टीत घरच्या वडीलधाऱ्यांना पाच गोष्टी विचाराव्यात : आपले मूळ आडनाव कोणते, मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते, आडनाव बदलले असल्यास कोणाच्या वेळी, आणि ते का. आजीचे माहेरचे आडनावही विचारण्यास विसरू नये. उत्तरे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावीत. आपल्या महाविद्यालयात खेडोपाडीची मुले-मुली येतात. सर्वांच्या वह्या एकत्र केल्या तर या जिल्ह्यातील आडनावांचा एक चांगला संग्रह मराठी व इतिहास विभागांना तयार करता येईल. त्यासाठी पैसा लागत नाही. सांगणारी माणसे हयात आहेत तोवर विचारले पाहिजे, एवढेच.